पराटीचा पराग

इंद्रभाननं सुलतानपूरच्या जुन्या तळ्यातल्या गाळातले सहा हजार परागकण मोजले होते. त्यात कापसाचा एकही नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती आणि इंद्रभान ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा ते निघून तीन. इमारतीला गिलावा व्हायचा होता, ग्रंथालयात कपाटं दोनच होती, पण प्रयोगशाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक होता. संध्याकाळी पोरं घरी गेली की तो त्याच्यापुढं बसायचा. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा त्यानं दोन मजूर लावून लोखंडी नळी गाळात ठोकली होती आणि पुरुषभर खोलीचा काळा गाळ अखंड वर काढला होता. त्याचे वीस थर पाडले. फुलातला पराग वाऱ्यानं उडतो, पाण्यावर पडतो, तळाशी बसतो. त्याचं कवच असं चिवट की बाकी सगळं कुजलं तरी ते हजारो वर्षं टिकतं. वरचा थर आजचा, खालचे त्याच्या आधीचे. प्रत्येक थरातून तीनशे कण ओळखून त्यानं तक्ता मांडला होता.

तक्ता बोलका होता. अगदी खाली सालई, धावडा, रानगवत. मधल्या थरांपासून रान विरळ होत गेलं आणि ज्वारीचे टपोरे गोल कण वाढत गेले. म्हणजे तळ्याभोवतीचं रान तोडून माणसानं तिथं शेती केली, ते साल लिहून ठेवावं तसं गाळानं लिहून ठेवलं होतं. इंद्रभाननं निबंध लिहिला आणि शेवटी एक ठाम वाक्य घातलं : या तळ्याच्या परिसरात जुन्या काळी ज्वारी होती, कापूस नव्हता. विभागप्रमुख भगवंतरावांना ते वाक्य फार आवडलं. डिसेंबरात नागपूरला वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांची परिषद होती. तिथं निबंध स्वीकारला गेला. कार्यक्रमपत्रिकेत त्या वाक्यासकट इंद्रभानचं नाव छापून आलं, त्याखाली भगवंतरावांचं.

सप्टेंबरात तो शेवटच्या वर्षाच्या नऊ विद्यार्थ्यांना एसटीनं सुलतानपूरला घेऊन गेला. पुस्तकातल्या आकृत्या घोकून हा विषय कळत नाही, असं त्याचं मत होतं. तळ्याच्या काठावर बसवून त्यानं प्रत्येकाला तक्त्याची नक्कल दिली.

"सगळ्यात वरची ओळ बघा," तो म्हणाला. "हा आजचा थर. आता मान वर करा आणि आजूबाजूला काय उगवलंय ते त्या ओळीशी ताडून पाहा. हे जमलं की खालच्या ओळी वाचता येतील."

पोरं लिहू लागली. बाभूळ जुळली, गवत जुळलं, ज्वारी जुळली. उंद्रीच्या पुंजाजी पाटलांची कोकिळा मात्र पेन्सिल हातात धरून नुसतीच बसली होती. वर्गात ती कमी बोलायची. बोलली की पुस्तकी मराठी जपून बोलायची. आता तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"सर, चुकलं वाटते."

"काय चुकलं?"

"हे पाह्यना. तीन बाजूनं पराटीच पराटी आहे." तिनं हात फिरवला. कापसाच्या झाडाला तिकडं पराटी म्हणतात. तळ्याच्या तिन्ही अंगांना ती फुलांनी पिवळी झाली होती. "अन् तुमच्या वरच्या ओळीत कापूस शून्य. मंग हे सगळं काऊन नाही दिसत गाळात?"

कोणीतरी हसलं. इंद्रभान हसला नाही. त्यानं तिच्या हातातला कागद घेतला, जणू तो दुसऱ्याच कोणीतरी मांडलेला होता. वरची ओळ त्यानं शंभरदा पाहिली होती. पण आजचं आपल्याला ठाऊकच आहे म्हणून नजर नेहमी खाली सरकायची. आज डोळ्यांसमोर असलेला कापूस जर गाळात उमटत नसेल, तर जुन्या थरात तो नाही यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. त्याच्या निबंधातलं सगळ्यात ठाम वाक्य त्या एका प्रश्नानं पडलं होतं.

"कोकिळाबाई," तो सावकाश म्हणाला, "चूक मोजण्यात नाही. चूक माझ्या समजण्यात आहे. पण असं का होतं ते मला आत्ता सांगता येणार नाही."

त्याची आई, तानाबाई, तिथून जवळच पराटीच्या एका शेतात निंदणाला होती. मुलगा कॉलेजात शिकवायला लागला तरी तिनं शेतातलं काम सोडलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत ती पोरांसाठी शेंगा घेऊन आली. तिनं मुलाचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय झालं रे बाबू?"

त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं आणि आपली बाही पुढं केली. कोपरापर्यंत पिवळे डाग होते.

"हे पाह्य. पराटीचं फूल लागलं का असं चिकटते. झटकलं तरी जात नाही, धुवा लागते. थे कायले उडून पान्यात जाईन? माशीच्या पायाले लागून जाते थे. जवारीचं तसं नाही. फुलोऱ्यातल्या जवारीत शिरलं का नाकातोंडात भुकटी जाते, दिवसभर शिंका येतात."

इंद्रभान आईच्या बाहीकडं पाहत राहिला. कीटकांनी वाहिला जाणारा पराग जड आणि चिकट असतो, हे तो दरवर्षी फळ्यावर लिहायचा. ते त्यानं स्वतःच्या तक्त्याला कधी लावलंच नव्हतं.

"माय, उद्या याच शेतात आम्ही काचा ठेवल्या तर चालेल का? मालकाला विचारशील?"

"इचारतो. कायच्या काचा?"

दुसऱ्या दिवशी ते परत आले. बारक्या काचपट्ट्यांना व्हॅसलिन लावून कोकिळानं आणि दोन मुलांनी त्या काठ्यांवर बांधल्या : एक पराटीच्या तासात, म्हणजे झाडांच्या ओळीतच, एक दहा पावलांवर, एक शंभर पावलांवर. पलीकडच्या ज्वारीच्या शेताशी तशाच तीन. चार दिवस त्या उघड्यावर राहिल्या. मग आठवडाभर नऊही जण आळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाशी बसले. इंद्रभान स्वतः मोजायला बसला नाही. एक काच दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळले तरच वहीत उतरवायचे, एवढंच त्यानं ठरवून दिलं.

ज्वारीच्या काचांवर कण मोजता मोजता मुलं थकली. शंभर पावलांवरच्या काचेवरही साडेचारशे भरले. पराटीच्या तासातल्या काचेवर तीन कण सापडले. मोठे, काटेरी, धोत्र्याच्या बोंडासारखे. दहा पावलांवर एकही नाही. शंभर पावलांवर एकही नाही.

वही घेऊन इंद्रभान भगवंतरावांच्या खोलीत गेला. भगवंतराव पन्नाशीचे होते, शिस्तीचे, आणि या पोराला कॉलेजात आणण्यासाठी त्यांनी कार्यकारिणीत भांडण केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कापसाचं वाक्य काढायचं म्हणता?"

"हो सर."

"पत्रिका छापून झाली. सगळे त्या वाक्यासाठीच तर येणार आहेत. इंद्रभान, स्पष्टच बोलतो. चूक दुसऱ्या कोणाची झाली तर लोक चूक झाली म्हणतील. तुमची झाली तर तुम्ही कुठून आलात ते काढतील. कळतंय ना?"

"कळतंय." छप्पन्नच्या ऑक्टोबरात आईबरोबर दीक्षा घेऊन नागपूरहून परतल्यापासून ते त्याला रोजच कळत होतं. "म्हणूनच ते मी सांगितलेलं बरं. दुसऱ्या कोणी दाखवून देण्याआधी."

"आणि मग निबंधात उरतं काय?"

"रान तुटलं ते उरतं. ज्वारी आली ते उरतं. ज्वारीचा पराग उडतो हे तर आता आपण स्वतः मोजलंय. आणि जे गाळात दिसत नाही ते नव्हतंच असं म्हणता येत नाही, हेही आता दाखवता येतं."

 भगवंतराव उठून प्रयोगशाळेत आले, कोट काढला आणि पराटीची काच लावायला सांगितली. तासभर त्यांनी ती काच इंचाइंचानं सरकवली. कोकिळा बाजूला उभी होती.

"तीन," शेवटी ते म्हणाले.

"आमचेही तीनच सर," कोकिळा म्हणाली.

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "नवीन तक्ता मोठ्या अक्षरात काढा. मागच्या रांगेतून दिसला पाहिजे. माझं नाव आहे तसंच राहू द्या. आणि या नऊ जणांची नावं खाली घाला."

नागपूरला सभागृह भरलेलं होतं. इंद्रभान उभा राहिला आणि त्यानं नवा तक्ता भिंतीवर लावला. तो म्हणाला, "पत्रिकेत छापलेला निष्कर्ष मी मागे घेतोय. तो माझ्या विद्यार्थिनीनं तळ्याच्या काठावर बसून खोडला. कसा, ते सांगतो." आणि त्यानं सांगितलं : वरची ओळ, पराटीचं शेत, काचा, तीन कण. आईच्या बाहीचंही सांगितलं, तिचं नाव घेऊन. कुजबुज झाली, पण ती थांबली तेव्हा लोक पुढं वाकून ऐकत होते.

शेवटी एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "मग तुमच्या भागात कापूस केव्हा आला?"

"गाळावरून सांगता येत नाही सर. दुसऱ्या कशावरून तरी शोधावं लागेल. सरकी, जुनी कागदपत्रं. मला माहीत नाही."

"हे उत्तर," ते प्राध्यापक शेजाऱ्याला पुरेसं मोठ्यानं म्हणाले, "आज सकाळपासून कोणी दिलं नव्हतं."

त्यांनीच नंतर तक्त्याची नक्कल मागून घेतली. त्यांना ती त्यांच्या वर्गात वापरायची होती, कापसाच्या ओळीसकट. प्रश्न तेवढा मुलांना आपणहून सुचेपर्यंत थांबायचं, असं ते म्हणाले. त्या वर्षी आणखी तीन कॉलेजांनी तो तक्ता मागितला. इंद्रभान दर वेळी पोस्टानं पाठवायचा. सोबत एका कागदावर फक्त एवढंच लिहायचा, की वरच्या ओळीपासून सुरुवात करा आणि आधी खिडकीबाहेर पाहा.

कोकिळा पहिल्या वर्गात पास झाली. एम.एस्सी.साठी नागपूरला पाठवायला पुंजाजी पाटील राजी नव्हते. इंद्रभान आणि भगवंतराव दोघं एका रविवारी उंद्रीला गेले. पाटलांनी चहा दिला आणि विचारलं, "मास्तर, पोरीनं तुमची चूक काढली म्हन्तात. खरं हाय का?"

"खरं आहे."

"अन् तुमीच तिले पुढं शिकवा म्हनून आले?"

"हाव," इंद्रभान म्हणाला. "म्हनूनच आलो."

पाटलांनी हातातला कप खाली ठेवला. मग आत वळून त्यांनी हाक मारली, "कोकिळे, नागपूरची गाडी कधी राह्यते, पाह्य बरं."