भेटबाबांची पाटी

काळ आणि अंतर यांचं नातं ज्याला कळलं, त्याला या जगात कुणी फसवू शकत नाही. हे वाक्य मी एकतीस वर्षं सातवीच्या वर्गात, गणिताच्या पहिल्या तासाला, खडू उंचावून म्हणत आलो. निवृत्तीनंतर चौथ्याच महिन्यात मी कापडगिरणीच्या भिंतीपाशी, तीनेकशे माणसांच्या गर्दीत, एका बाबाची पाटी छातीशी धरून उभा होतो.

लोक त्याला भेटबाबा म्हणत. भिंतीलगत पाचशे मीटरचा सरळ रस्ता आणि भिंतीवर दर दहा मीटरला रंगवलेला आकडा. बाबा गर्दीतून दोघांना उभं करायचा. आधी प्रत्येकानं गिरणीच्या आवाराला एकट्यानं एक फेरी घालायची, म्हणे शुद्धीसाठी. "रोजची चाल ठेवा. घाई करणाऱ्याला भेट नाही." चेला घंटा वाजवत राहायचा, बाबा डोळे मिटून माळेचे मणी ओढायचा. मग पाटीवर एक आकडा लिहून वर फडकं टाकायचा. दोघं रस्त्याच्या दोन टोकांहून एकदम निघायचे आणि जिथं समोरासमोर यायचे, तिथं भिंतीवर नेमका पाटीवरचा आकडा.

"वाटा तुमच्या, भेट माझी," बाबा म्हणायचा. "दोन देह चालतात, तिसरा बघतो."

तिसरा कोण, हे विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात घंटा व्हायची.

पाटी धरायचा मान माझा. "सर आहेत ना, मग लबाडी नाही," असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. आज लिहिताना कान गरम होतात, पण आवडायचं.

माझी ताई शिंप्याच्या दुकानासाठी काजं-बटणं करते. तिला काचबिंदू झाला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, "यात गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी राखायची." ताई घाबरली होती. बाबा तिला म्हणाला, "तुझी आणि उजेडाची भेट मी लिहून ठेवलीय. मध्ये सुरी आणू नकोस."

संध्याकाळी ताईनं मला विचारलं, "तू गणितवाला. काय करू रे?"

"ताई, पाटी मी स्वतः धरलीय," मी म्हणालो. "थोडं थांबून बघ."

तारीख निघून गेली.

दोन महिन्यांनी शिंपी घरी आला. तो माझा जुना विद्यार्थी. वर्गात मी त्याला 'पूर्णविराम' म्हणायचो, कारण प्रत्येक गणित त्याच्यापाशी येऊन थांबायचं. वर्ग हसायचा, मीही हसायचो.

"सर, ताईंचे टाके रेघेबाहेर जातायत. ऑपरेशनचं काय झालं?"

मी बाबाची थोरवी सांगितली. त्यानं ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी तो गर्दीत दिसला आणि रात्री पुन्हा दारात.

"सर, ती घंटा कशाला वाजते?"

"मंगल वातावरणासाठी."

"घड्याळही असंच सारख्या अंतरानं वाजतं. आज पोस्टमनदादांच्या फेरीला चाळीस टोले पडले, बेकरीवाल्या मामांच्या फेरीला साठ. मी मोजले. बाबा मण्यांवर मोजतो. वेळ दोनास तीन, म्हणजे चाल उलटी, तीनास दोन. रस्त्यावर दोघं एकदम निघतात, एकदम भेटतात. दोघांना वेळ सारखाच, मग कापलेलं अंतरही तीनास दोन. पाचशेचे पाच भाग केले, एक भाग शंभराचा. पोस्टमनदादांच्या बाजूनं पाटीवर किती होते?"

"तीनशे," मी म्हणालो. "अरे, हे तर मीच..."

"तुम्हीच शिकवलंत. पण तुमच्याकडे आगगाड्या असायच्या, सर. मला काही जमलं नाही. दुकानात जमलं. एक कारागीर तीन कॉलर करतो तेवढ्यात दुसरा दोन. पंचवीस कॉलर आहेत आणि दोघांना एकदम घरी सोडायचंय, तर एकाला पंधरा, एकाला दहा. रोजचंच आहे."

एकतीस वर्षं मी ते गणित रुळांवरून धावताना ओळखलं. त्याला पाय फुटल्यावर मला ते देवाचं वाटलं.

पुढच्या दिवशी पोस्टमनदादांबरोबर शिंपीच उभा राहिला. फेरीला तो गुडघा धरून, कण्हत चालला. साठ टोले झाले. रस्त्यावर मात्र पोस्टमनदादांच्याच चालीनं सुटला. दोघं भेटले अडीचशेवर. मी फडकं काढलं. पाटीवर तीनशे.

बाबा म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

"पन्नास मीटरनं," शिंपी म्हणाला.

मग त्यानं गर्दीतल्याच दोघांना फेरी घालायला लावली, टोले मोजले, माझ्या हातातल्या पाटीवर दोनशे वीस लिहिलं, आणि ते जुळलं. ते बघायला बाबा थांबला नव्हता. त्याच्या चालीचं गुणोत्तर काढायला कुणाला वेळ मिळाला नाही.

ऑपरेशन झालं. ताईच्या डाव्या डोळ्याची एक बाजू मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी ताईसमोर बसलो. काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं. "ताई, कुणी शिकलेला माणूस पाटी धरून उभा आहे, एवढ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. मोजावं. घंटा कशाला वाजते, हे विचारावं. दुखण्याला डॉक्टर गाठावा. ज्याला गणित येत होतं त्यानं ते केलं नाही, आणि किंमत..."

"झालं का तुझं?"

"नाही, अजून..."

"मग बोलता बोलता," माझ्या हाताच्या जरा बाजूला सुई-दोरा धरत ताई म्हणाली, "एवढी सुई ओवून दे."