कु. रेवा हिचे आजचे वृत्त

अपेक्षाने नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवला तेव्हा रेवा पाच महिन्यांची होती. नियम तीनच. बाळाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. डीपीला ठेवायचा नाही. बाहेरचं कुणी काढायला लागलं तर तोंडावर नाही म्हणायचं. सासूबाईंनी, रमाबाईंनी, कागद बघितला आणि फ्रिज उघडून कोथिंबीर काढली. सुशांतने 'बरोबर आहे' म्हटलं. लग्न झाल्यापासून तो दोन्ही बाजूंना हेच म्हणत आला होता.

सासऱ्यांनी मात्र चष्मा लावून कागद दोनदा वाचला. राजाराम घाडी, घरात सगळ्यांचे आबा. गिरणीत बावीस वर्षं, गिरणी बंद पडल्यावर गावच्या मुंबईतल्या मंडळाचे सरचिटणीस. नुसता हात चालेल का, त्यांनी विचारलं. पाठमोरी? झोपेत, तोंडावर दुपटं असताना? अपेक्षा तीनदा नाही म्हणाली. आबांनी खिशातलं पेन काढून कागदाखाली तारखेसकट सही केली. बिनसहीच्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता.

अपेक्षा परळला एका कंपनीत विमा ग्राहकांची कागदपत्रं तपासायची. नाव, जन्मतारीख आणि पत्ता एकत्र मिळाला की माणसाच्या नावावर काय काय करता येतं, हे ती सहा वर्षं बघत होती. रजा रविवारी संपत होती. माटुंग्याला, माहेरच्या गल्लीत, एक पाळणाघर तिने बघून ठेवलं होतं. पण तिथल्या बाई दुपारी मुलांना टोप्या घालून नाचवायच्या आणि त्याचे व्हिडिओ सगळ्या जगाला दाखवायच्या. म्हणून रेवाने काळाचौकीत आजी-आजोबांकडेच राहायचं ठरलं. त्या ठरण्यात आबांच्या सहीचा वाटा मोठा होता. पाळणाघराचा फॉर्म तरीही पर्समध्ये होता.

गुरुवारी ती लालबागला मसाल्याच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या बाईने वळून बघितलं, थोडं थांबून पुन्हा बघितलं.

"घाड्यांची सून ना गो तू? काय, आज झाली का तिला?"

अपेक्षाला आधी कळलंच नाही. मग कळलं. रेवाला दोन दिवस शी झाली नव्हती. ही गोष्ट घरातल्या चौघांना आणि डॉक्टरांना माहीत होती. समोरची बाई या पाचांत बसत नव्हती. ती नायगावची निघाली. तिने ओव्याचा शेक सुचवला, नव्या दाताची चौकशी केली, आणि आमचे हे सकाळी आधी रेवाचं वाचतात, मग पेपर उघडतात, असं कौतुकाने सांगितलं. अपेक्षाने धणे घेतले, मिरची विसरली आणि घरी आली.

आबांनी फोन मागितल्याबरोबर दिला. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ग्रुप गावच्या मंडळाचा होता, माणसं चारशे बारा. गेल्या तेवीस दिवसांत तिथे तेवीस मजकूर पडले होते, रोज सकाळी आठला एक. शेवटचा असा होता:

'कु. रेवा हिचे आजचे वृत्त. शौचास अद्याप नाही. झोप १ तास ४० मि. वजन ६ किलो ८००. सायं. ५.३० वा. नेहमीप्रमाणे मैदानात, मागच्या गेटने. सोमवारपासून सूनबाई कामावर रुजू होत असून दिवसा घरी आम्ही उभयताच. कळावे. रा. घाडी, सरचिटणीस.'

खाली एकशे सहा जणांनी हात जोडले होते.

"आबा, हे काय आहे?"

"फोटो एकव टाकूक नाय," आबा म्हणाले. त्यांनी फ्रिजकडे बोट केलं. तेही खरं होतं.

अपेक्षा आवाज न चढवता बोलली, आणि त्यामुळे रमाबाई हातातलं काम सोडून बाहेर आल्या. कुठल्या वेळी, कुठल्या गेटने, घरात कोण आणि कोण नाही, हे सगळं तुम्ही चारशे माणसांना लिहून दिलंत, ती म्हणाली. चोराला विचारायचं तरी काय उरलं? आबांना चोराचं पटेना. ती आपली माणसं होती. गावाहून पहिल्यांदा आले तेव्हा ते मंडळाच्या खोलीत राहायचे, तीस-चाळीस जण, पाळीपाळीने झोपून. गावचं पत्र यायचं ते खोलीच्या नावाने, आणि ज्याला वाचता यायचं तो मोठ्याने वाचायचा. सुशांत झाल्याचं आबांना असंच कळलं, सगळ्यांच्या बरोबरीने. आधी फक्त आपल्याला कळायला हवं होतं असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं, आणि अजूनही वाटत नव्हतं.

"त्या खोलीतल्या सगळ्यांना ओळखत होतात ना?" अपेक्षाने विचारलं. "मग या चारशे बारांत किती जणांना ओळखता?"

सगळ्यांना, आबा म्हणाले, आणि यादी उघडून बसले.

जेवणं झाली तरी ते उठले नाहीत. वहीत रेघा मारून त्यांनी एकेक नंबर लावला. एकसष्ट नंबर कुणाचे ते कळेना. एकाच्या नावाजागी नुसतं गुलाबाचं फूल होतं. एक जण गाद्या विकत होता. दोघे वारले होते, आणि त्यातल्या एकाने बुधवारचं वृत्त वाचलेलं दिसत होतं.

आबांनी त्या वाचणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. त्याला त्यांनी स्वतः खांदा दिला होता.

"हे पुसूक येतात?" त्यांनी विचारलं.

दोन दिवसांपलीकडचे नाही, अपेक्षा म्हणाली. आबांनी मान हलवली. मग शेवटची सूचना टाकली: कु. रेवा हिचे वृत्त आजपासून कायमचे बंद. चौकशी करू नये. तरीही शुक्रवारी दिवसभर चौकशीचे फोन आले. रात्री आबांनी फ्रिजवरचा कागद उतरवला, अपेक्षासमोर नवा कोरा कागद ठेवला आणि 'सांग' म्हणाले. तिने सांगितलं ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं. मैदान बदललं, वेळ बदलली. फोनवर बाळाबद्दल कुणालाही अवाक्षर नाही. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात, हेही तिने समजावलं. आबांनी सही केली. अपेक्षाने बघितली, पण या वेळी तिला सहीने फार धीर आला नाही. फॉर्म भरून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माटुंग्याला द्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं आणि सुशांतला सांगितलं. तो 'बरोबर आहे' म्हणाला.

सोमवारी ती निघाली तेव्हा रेवा झोपेत होती. ऑफिसात मोबाइल बाहेर कपाटात ठेवावे लागत. अकरापर्यंत तिने चार फायली तपासल्या आणि चारही पुन्हा तपासल्या. पावणेबाराला साहेबांच्या टेबलावरून घरी फोन लावला.

"हॅलो. आपण कोण बोलताय?" आबा पुस्तकी मराठीत बोलत होते. मंडळाच्या सभेत अध्यक्षांशी बोलताना ते अशी मराठी काढत.

"आबा, मी. अपेक्षा. रेवा उठली का?"

"हा नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही."

"ऑफिसचा आहे. मोबाइल आत आणता येत नाही. तिने दूध घेतलं ना?"

"या घरात लहान मूल नाही," आबा म्हणाले.

मागे रेवा रडायला लागली. भूक लागल्यावरचं ते रडणं अपेक्षाला झोपेतही ओळखू आलं असतं. रमाबाई काहीतरी म्हणाल्या, आबांनी त्यांना दबक्या आवाजात गप्प केलं.

"आबा, ती रडतेय. मला ऐकू येतंय."

"तो टीव्ही आहे," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

अपेक्षा रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. साहेबांनी घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. काही कळलं नाही, ती म्हणाली. मग जागेवर जाऊन तिने पाचवी फाईल उघडली. ती मात्र एकदाच तपासली. जेवणाच्या सुट्टीत माटुंग्याची बस धरायला न जाता डबा उघडून सगळा संपवला.