आठ इंची चक

बाबांच्या मशीनचा चक झिजला होता, हे अगदी खरं होतं. पण गेले दोन महिने त्यांची मुलगी त्या झिजलेल्या चकच्या आडून वेळ मारून नेत होती, हेही तितकंच खरं होतं.

मशीन म्हणजे मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर बसवलेलं छोटंसं लेथ. निवृत्तीनंतर बाबांनी हौसेनं घेतलेलं. त्याच्या चकच्या जबड्यांत लोखंडाचा तुकडा, म्हणजे बाबांच्या भाषेत 'जॉब', आवळून गरागरा फिरवायचा आणि हवा तसा कापायचा. कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं काढली. आधी टर्नर, मग फोरमन. माप इतकं चोख की माणसं मागे त्यांना 'मायक्रो' म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरच्या या मशीनवर त्यांनी दारांच्या मुठी केल्या, पेनांच्या नळ्या केल्या, शेजारणीच्या शिलाई मशीनचं चाकसुद्धा करून दिलं.

मग एका सकाळी त्यांनी चकमध्ये लोखंडाचा तुकडा आवळला, आवळायची चावी तिथेच ठेवली आणि बटण दाबलं. चावी सुटली ती त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीचा पोपडा काढून पडली. चावी चकमध्ये विसरणाऱ्याला बाबांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी ते चावीकडे बघून म्हणाले, "कुणी ठेवली ही?"

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. विसरणं आता वाढतच जाणार, मशीन आजच बंद करा, म्हणाले. मुलगी एका दवाखान्यात रक्त तपासायची. वाईट रिपोर्ट लोकांच्या हातात द्यायची तिला सवय होती. पण बापाला 'आता मशीन नाही' म्हणायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती म्हणाली, चक झिजलाय, जॉब थरथरतो, आधी नवा आणू आणि मग सुरू करा. बाबांना ते पटलं. विसरण्यात पटाईत झालेला हा माणूस नेमकं तेवढंच विसरेना. रोज चहाच्या वेळी तोच प्रश्न, चक कधी आणायचा. चालढकल करून करून किती करणार? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती त्यांना घेऊन बाजारात गेली.

दुकान बोळासारखं अरुंद होतं आणि तेलाचा वास दारापर्यंत येत होता. दुकानदारानं थ्री-जॉ आणि फोर-जॉ असे दोन्ही चक काउंटरवर ठेवले आणि हौशी माणसाला समजावतात तसं समजवायला लागला. बाबांनी त्याला मध्येच थांबवलं आणि स्वतःच सांगायला लागले. थ्री-जॉचे तिन्ही जबडे एका चावीनं एकदमच सरकतात, गोल जॉब आपोआप मधोमध येतो, काम झटपट होतं. फोर-जॉचा प्रत्येक जबडा वेगळा. चौकोनी, वेडावाकडा, काहीही धरतो, पण मापाची डायल लावून जॉब मध्यावर आणायला डोकं थंड लागतं. "घाईच्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये," असं म्हणून त्यांनी थ्री-जॉचे जबडे उघडून बोटांनी चाचपले आणि एक किंचित ढिला आहे म्हणून परत केला. दुकानदार बघतच राहिला. मुलीला वाटलं, डॉक्टर चुकले असतील. माणूस तर जिथल्या तिथे आहे.

"फोर-जॉच द्या," बाबा म्हणाले. "आठ इंची."

दुकानदारानं विचारलं, मशीन केवढं आहे.

"सात नंबर. खिडकीजवळचं. सकाळच्या पाळीला माझ्याकडेच असतं ते."

सात नंबरचं मशीन कारखान्याबरोबरच भंगारात गेलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. दुकानदार शहाणा होता. त्यानं तिला हळूच बाजूला घेऊन घरचं मशीन किती मोठं ते विचारलं. तिनं हातांनी दाखवलं. मग चार इंची लागेल, तो म्हणाला. आठचा तिथे फिरणारसुद्धा नाही, खाली मशीनच्या लोखंडी बेडला अडकेल. चार इंची चक त्यानं काढूनही ठेवला. तो नेला असता तर तासाभरात मशीन सुरू झालं असतं.

"आठचाच द्या," ती म्हणाली.

"ताई, तो बसणार नाही."

"माहीत आहे. द्या."

तिला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं. आता तिला काही बोलायची गरज नव्हती. जे बोलायचं ते मशीन बोलणार होतं. परतीच्या वाटेवर ते जड धूड हातांत धरून चालताना ती बापाकडे बघू शकली नाही.

घरी बाबांनी ॲप्रन चढवला, तेलकट कागद सोडला, एकेक जबडा पुसून पुढेमागे केला. अर्धा तास ते इतके खुशीत होते की ती स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून उभी राहिली. मग आतला आवाज बंद झाला. ती गेली तर बाबा स्टुलावर बसलेले, मांडीवर मापाचा व्हर्नियर, आणि नजर अगदी स्वच्छ.

"बसत नाही हा," ते म्हणाले.

बदलून आणू या, असं ती घाईघाईनं पुटपुटली.

"तुला ठाऊक होतं." त्यांनी व्हर्नियर मिटून टेबलावर ठेवला. "त्या दिवशी चावी मीच विसरलो होतो ना?"

"हो, बाबा."

"मग सांगायचं होतंस गं." ते रागावले असते तर तिनं सोसलं असतं, पण आवाजात राग नव्हता. "मी पाच जणांना मशीनवरून उतरवलं. कुणाची नजर गेली होती, कुणाचा हात थरथरायचा. रडले माझ्यासमोर. पण मशीनमध्ये खोट काढून कुणाला घरी पाठवलं नाही. समोर बसवून सांगितलं. तेवढा मान मलाही द्यायचास."

तिला रडू आवरेना. बाबांनी स्वतः उठून प्लग काढला आणि वायर नीट गुंडाळून मशीनवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ॲप्रन घालून मशीनपाशी उभे होते. वायर कुणी काढली, म्हणून विचारत होते. कालचा दिवस पुसला गेला होता. वीज गेलीय, असं म्हणणं सोपं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. तिनं ते गिळलं. बाबांना स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसली आणि सगळं सांगितलं. चावीचं, डॉक्टरांचं, विसरण्याचं.

"म्हणून तुम्ही आता मशीन चालवायचं नाही, बाबा."

त्यांनी पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं, कारण त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मशीनवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस." हात मागे नेऊन ते ॲप्रनची गाठ सोडायला लागले. ती सुटेना, तेव्हा तिनं सोडली. ॲप्रन तिनं लपवला नाही. खुंटीला अडकवला, आणि उद्या सकाळी हेच पुन्हा सांगायची मनाची तयारी केली.