नेपच्यून ओढ्यापलीकडे

मैत्री आणि हर्षदीप भीमपूरजवळच्या एका मराठी शाळेत शिकवत. डी.एड.पासूनची दोस्ती, तिच्याच गाडीवर दोघं शाळेत येत.

त्या वर्षी मैत्रीनं सातवीच्या पोरांकडून सूर्यमाला करून घेतली. कागदाच्या लगद्याचा कळशीएवढा सूर्य फाटकावर बसवला. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा दाणा, गुरू लिंबाएवढा. दोरीनं अंतर मोजत पोरं निघाली. पृथ्वी बोअरिंगपाशीच आली. बोराएवढा नेपच्यून मात्र कपाशीची शेतं ओलांडून पार ओढ्यापलीकडे गेला. तो धरून गेलेल्या सातवीतल्या भाग्यलक्ष्मीनं तिथून मागं वळून पाहिलं. शाळा दिसेना.

"बाप्पा! मॅडम, मधात एवढं रिकामं हाये?"

"हो. बहुतेक सगळं रिकामंच."

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात हेच मैदानात मांडायचं ठरलं. ऐन वेळी मैत्रीला ट्रेनिंग लागलं.

"तू काऊन घाबरून राह्यली?" हर्षदीप म्हणाला. "मी नेतो पोरांना. तू सांगशील तसंच मांडतो."

ट्रेनिंग सुटताच ती प्रदर्शनात पोचली. मैदान मोकळं होतं. आत हॉलमध्ये, शाळेच्या टेबलावर विकतची, बटणावर फिरणारी सूर्यमाला होती. सगळे ग्रह खेटून. खाली मार्गदर्शक म्हणून एकट्या हर्षदीपचं नाव.

परीक्षकांनी विचारलं, "नेपच्यून कुठे आहे?"

भाग्यलक्ष्मीनं सरांकडे पाहिलं आणि शेवटच्या गोळीवर बोट ठेवलं. "हा इथंच. युरेनसच्या बाजूला."

पहिलं बक्षीस मिळालं.

"ज्वारीचा दाणा कोण पाह्यते, मैत्री?" हर्षदीप हसत म्हणाला. "चमकणारं लागते इथं. मैदान नको म्हणून मी प्रदर्शनवाल्यांना कालच सांगून टाकलं."

"काल? काल तर तू माझ्याजवळ बसून दोरी गुंडाळत होता."

हर्षदीप बटण बंद करून वायर गुंडाळू लागला.

भाग्यलक्ष्मी जवळ आली. "मॅडम, तुमाले ते आपलं खोटं वाटलं का? सर म्हणाले, तुमीच बदलवायला लावलं."

आजवर हर्षदीप चुकला की मैत्रीच सांभाळून घ्यायची. आताही तो डोळ्यांनी तेच मागत होता.

"नाही गं. आपलं खरं हाये. मी काहीच बदलवायला लावलं नाही."

"मग सर खोटं बोलले?"

"हो," सगळ्या पोरांसमोर ती म्हणाली. "खोटं बोलले."

हर्षदीपनं मान खाली घातली. परतताना गाडीवर ती एकटीच होती.