ओळ संपल्याची खूण

थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा, एकाच इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात होत्या. धाकटीला तिथं चिकटवलं थोरलीनंच, आणि आता तिला त्याचाच पस्तावा होत होता.

बाहेरच्या लॅबकडून रक्ताचे रिपोर्ट ईमेलला जोडलेल्या टेक्स्ट फायलींतून यायचे. त्या वाचून पेशंटच्या नावापुढे निकाल लावणारा प्रोग्रॅम थोरलीचा होता. गंभीर निकाल त्यात आपोआप लाल दिसायला हवेत, पण काही लाल व्हायचेच नाहीत. तिनं आठवडाभर डोकं शिणवलं. धाकटीनं एका दुपारीत शोधून काढलं. काही लॅबच्या फायलींत ओळ संपल्याची एक खूण असायची, काहींच्या दोन. ती जास्तीची, डोळ्यांना न दिसणारी खूण निकालाला चिकटून राहायची आणि प्रोग्रॅमला 'गंभीर' हा शब्द ओळखू यायचा नाही. फाइल उघडल्या उघडल्या जोडखुणेची एकच खूण करायची, एवढं धाकटीनं कोडमध्ये घातलं आणि काम फत्ते.

"तुमच्या जाऊबाईंना डोकं आहे हं," डॉक्टर थोरलीला म्हणाले. घरी सासूबाईंनीही जेवताना धाकटीचं तोंडभरून कौतुक केलं. थोरली ताट अर्धवट टाकून उठली.

सोमवारी एक नवी लॅब जोडली गेली. सकाळी दहाला थोरलीनं तिची फाइल सहज उघडली. एकोणीस पेशंट, पण प्रोग्रॅमनं घेतला होता एकच. या लॅबचं जुनं मशीन फक्त ती जास्तीची खूणच टाकत होतं, त्यामुळे अख्खी फाइल एक लांबलचक ओळ झाली होती. धाकटीला हे सुचलंच नव्हतं. थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. 'पडू दे तोंडघशी,' असं मनाशी म्हणत तिनं फाइल मिटली.

बाराला वॉर्डातून फोन आला. एका आजींचं ऑपरेशन रिपोर्टसाठी खोळंबलं होतं. धाकटी घामाघूम होऊन मेल चाळू लागली. "ताई, रिपोर्ट आलाय म्हणतात, मग दिसत का नाही?"

थोरलीनं वॉर्डाच्या फोनकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी आली. "ती जास्तीची खूण एकटीच आली तर, ते राहिलंय बघ. तीही बदलून घे."

धाकटीनं एक ओळ वाढवली. एकोणीसच्या एकोणीस नावं पडद्यावर आली. वॉर्डाला कळवून ती वळली. "तुम्हाला कधी दिसलं हे?"

"सकाळी."

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. "काय झालं होतं?"

"माझ्याकडून एक राहिलं होतं," धाकटी म्हणाली. "ताईंनी पकडलं."

सकाळचा विषय तिनं काढला नाही. डॉक्टरांनी थोरलीकडे बघून मान डोलावली. इतके दिवस ज्यासाठी जीव तडफडत होता ते मिळालं, आणि तिला वर बघवेना. या पोरीला मन मोठं करणंही आपल्याआधी जमलं, हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.