नाण्यावर धरलेली काच

मी एक काच बोलतेय. तळहाताहून थोडी मोठी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका, मी रागात आहे.

माझी पहिली कित्येक वर्षं मामांच्या सत्काराच्या फोटोवर गेली. मामांचं जुन्या नाण्यांचं दुकान. फोटोत ते पुष्पगुच्छ घेऊन हसतायत आणि त्या हसण्यावरची धूळ मी अंगावर घेतेय. मग त्यांची भाची लांबून शिकून परत आली आणि तिने मला चौकटीतून काढलं. वाटलं, सुटले! झाकण्याचं काम संपलं, आता दाखवण्याचं सुरू. वाटलं ते हे. वाट्याला आलं ते भलतंच.

"माझ्या सत्काराची काच काढलीस?" मामा ओरडले.

"सत्कार आहे तिथेच आहे, मामा. काच तेवढी नेतेय."

दुकानातल्या नाण्यांचे फोटो तिला बघवत नव्हते. नाण्याच्या जागी फ्लॅशचा पांढरा डाग. तिने बुटांचं खोकं घेतलं, आत काळं कापड अंथरलं, त्यावर नाणं ठेवलं. खोक्याच्या बाजूंना खाचा पाडून मला नाण्यावर तिरकी बसवली. शेजारी टेबलावरचा दिवा, वर फोन. दिव्याचा उजेड माझ्यावर आपटून खाली नाण्यावर पडायचा आणि माझ्यातूनच वर फोनपर्यंत जायचा. कुणालाच वाचता न येणारी झिजलेली अक्षरं त्या उजेडात उठून उभी राहिली. पोरीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. इंटरनेटवर दुकानाच्या पानावर फोटो टाकताना ती प्रत्येकाखाली लिहायची, "आहे तसं."

तेवढंच काय ते माझं सुख.

मग ते चांदीचं नाणं आलं. कुणीतरी कधीकाळी भोक पाडून ते गळ्यात घातलेलं. मामांनी भोक बुजवून, घासून सपाट करून घेतलं होतं. तरी नाणं हातात घेऊन कलतं केलं की लस टोचल्याच्या व्रणासारखं एक बारीक कडं दिसायचं.

"दिव्यापुढे बटर पेपर लाव," मामा म्हणाले. "अजून एक. आता काच जराशी उचल... हां! बघ, गेलं की नाही?"

कडं गेलं होतं. माझ्यामुळे! मला तळपाय नाहीत, तरी त्यांची आग मस्तकात गेली.

"मामा, भोक गेलं नाहीये. दिसेनासं झालंय."

"दिसत नाही म्हणजे नाही. मी तोंडाने एक तरी शब्द खोटा बोललो का?"

"तुझ्या वतीने फोटो बोलतोय ना!"

"चार बुकं काय शिकलीस, मामालाच शिकवायला निघालीस." असं म्हणत त्यांनी तिच्या हातून फोन घेतला आणि फोटो टाकूनही दिला. खाली तिचेच शब्द लिहिले, "आहे तसं."

माणसांची ही सवय मला चांगली कळली आहे. स्वतः गप्प राहायचं आणि खोटं बोलायला वस्तूला पुढे करायचं. मी पारदर्शक आहे म्हणून तुमचं पाप माझ्यातून आरपार जाऊ द्यायचं?

संध्याकाळी दूरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन आला. या शिक्क्याचं नाणं तो उभा जन्म शोधत होता.

"पोरी, गुडघे गेलेत, मला काही येववत नाही. फोटोखाली तू 'आहे तसं' लिहितेस, त्यावर माझा भरवसा. नाणं अखंड आहे ना गं?"

मामा समोरून जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"काका, उद्या सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा पातळ झाला होता.

सकाळी ती मामांच्या आधी दुकानात आली. तिने मला खाचांमधून उचललं, पुसलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. बटर पेपर फाडून टाकला. दिवा टेबलावर आडवा केला. उजेड नाण्यावरून सरपटत गेला आणि ते कडं आपल्या सावलीसकट वर आलं. तिने फोटो काढून शिंपीकाकांना पाठवला, जुना काढून टाकला, मग फोन लावला.

"काका, अखंड नाही. भोक बुजवलंय. आधी फोटो बघा, मग घ्यायचं का ते ठरवा."

मामा दारात उभे होते. "घालवलंस गिऱ्हाईक! आणि पुढच्या नाण्याचं काय?"

"प्रत्येकाचे दोन फोटो. एक काचेतून, एक आडव्या दिव्यात. नाहीतर आजपासून माझा फोन या दुकानात येणार नाही."

"काच माझी आहे."

"मग लाव परत सत्कारावर."

मामांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. माझ्याविना त्यांच्या हसण्यावर धूळ बसली होती. त्यांनी ती बोटाने पुसली आणि मला होते तिथेच राहू दिलं.

माझा राग अजून उतरलेला नाही. एवढंच मागते, फोटोतलं नाणं फार गुळगुळीत दिसलं तर दिवा कुठे होता ते विचारा. मी भिंतीला टेकून उभी आहे. तिने दुसरं नाणं काढलंय, दिवा आडवाच आहे, आणि तिचा पहिला फोटो आज माझ्याशिवायचा आहे.