बेटाकडे धाडलेला सांगावा

मित्रांनो, भाजे गावच्या चावडीत खिडकीशेजारच्या फळीवर गोणपाटाने झाकलेले जे लाकडी खोके आहे, ते उघडून पाहण्याची तसदी आता एका म्हातारीखेरीज कोणी घेत नाही. त्या खोक्यात मी आहे, एक जुना रेडिओ.

माझी जुळणी पुण्याकडच्या एका कारखान्यात झाली. सागवानी पेटी, काचेचे व्हॉल्व्ह, स्टेशन निवडण्यासाठी पातळ पात्यांचा कंडेन्सर आणि जड कोरडी बॅटरी, अशी माझी रचना होती. दूरचा आवाज मी इकडे आणू शकत असे. इकडचा आवाज तिकडे नेण्याची सोय मात्र माझ्यात नव्हती, आणि तसे माझ्या पेटीवर कोठे लिहिलेलेही नव्हते.

१९६० च्या सुमारास ग्रामपंचायतीने मला चावडीत बसवले व माझ्या पेटीची किल्ली सोपान नावाच्या तरुण शेतकऱ्याकडे दिली. तो मला रोज मऊ फडक्याने पुसत असे. संध्याकाळी बाजारभाव आणि बातम्या ऐकायला सारे गाव जमे. डोंगरावरच्या वाडीतले लोकही उतरून येत. माझे कौतुक होई आणि मी सुखात होतो.

त्याच वाडीत बायडाबाई राहत असे. तिचा एकुलता मुलगा नवसू एका मुकादमाबरोबर अंदमानच्या बेटावर जंगलतोडीच्या कामाला गेला होता. तो गेल्यापासून त्याची काही खबर नव्हती. वाडीत पत्र लिहिण्याची पद्धत नव्हती. निरोप माणसाच्या तोंडी जाई, त्याला सांगावा म्हणत. सांगावा आणणाऱ्याला गूळपाणी द्यायचे आणि उलटा सांगावा त्याच्याच तोंडी धाडायचा, ही रीत कोणी मोडत नसे.

त्या दिवाळीत देशाचे एक मोठे नेते दिल्लीहून रेडिओवर बेटांवरील लोकांना शुभेच्छा देणार, असे कळले. बायडाबाई पाडव्याला दुपारीच येऊन बसली. भाषण हिंदीत झाले. सोपान तिला ते समजावून सांगत होता.

"मावशी, ते म्हंत्यात, बेटावरच्या माझ्या भावांनो, तुमी लांब हाय, पन तुमच्या घरची मानसं तुमाला इसरली न्हाईत."

बायडाबाईने पदर डोळ्यांना लावला. "खरं हाय त्याचं. पन त्याला कुनी सांगितलं गं बाई, मी इसरले न्हाई म्हनून?"

मग तिने कनवटीचा गुळाचा खडा काढला, माझ्या पेटीवर ठेवला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्या जाळीशी तोंड नेले. "बाबा, उलटा सांगावा घेऊन जा. माझ्या नवस्याला म्हनावं, म्हस याली. घर शाकारलंय. तू ये."

वाडीतला म्हातारा शिदू खो खो हसला. "बायडे, खोक्याला गूळ चारतीस व्हय? उद्या त्याला सोयरीक बगशील!"

"तू गप रं शिदूबा. सोपानभाऊ, जाईल न्हवं माझा सांगावा?"

सोपानने तिच्या तोंडाकडे पाहिले. त्याला नाही म्हणवले नाही. "जाईल की, मावशी," तो म्हणाला. "पोचला समजा."

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती येई, गूळ ठेवी, सांगावा देई आणि विचारी, "पोचला का?" सोपान म्हणे, "पोचला." दरवेळी हा शब्द त्याच्या तोंडून अधिक हळू येऊ लागला.

होळीच्या सुमारास तोच मुकादम आणखी माणसे न्यायला मळवली स्टेशनावर आला. बेटावर जाणाऱ्यांत नवसूला ओळखणारा तो एकच माणूस होता. शिदू धापा टाकत चावडीत आला. "बायडे, ऊठ! गाडी सुटायच्या आदी त्याला गाठ, सांगावा दे."

"कशापायी?" ती हसून म्हणाली. "दिल्लीवाल्याच्या तोंडी धाडलाय. मुकादमाचं काय घेऊन बसलास?"

शिदूने सोपानकडे पाहिले. सोपान मला फडक्याने पुसत राहिला. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली.

पुढच्या दिवाळीआधी मी बंद पडलो. गुळाच्या वासाने मुंग्या आत शिरल्या होत्या. विरघळलेला गूळ कंडेन्सरमध्ये उतरल्याने त्याची पाती एकमेकांना चिकटली होती. नेत्यांनी त्या वर्षीही शुभेच्छा दिल्या असतील, पण चावडीत त्या कोणी ऐकल्या नाहीत.

दिवाळीच्याच आठवड्यात मुकादम परत आला आणि चावडीच्या पायरीवर टेकला. "बाई, तुजा पोरगा लय वाट बगत हुता. मी होळीला गेलो तवा त्यानं पयलं हेच इचारलं, आयेनं काय सांगावा दिला? मी म्हनलं, काय न्हाई. मंग तो दुसऱ्या टोळीसंगं फुडल्या बेटावर गेला. कुटं, ते ठावं न्हाई."

 बायडाबाईने सोपानकडे पाहिले. सोपानने किल्ली फळीवर ठेवली आणि तो बाहेर गेला. त्यानंतर मला कोणी पुसले नाही.

मित्रांनो, यंत्राला धूळ, ओल आणि मुंग्या यांपासून जपा, एवढे तर मी सांगेनच. पण ते कोणाच्या हाती देताना, ते काय करू शकत नाही हेही त्याला सांगा, ते सांगताना त्याचे मन मोडणार असले तरी सांगा.

बायडाबाई अजून येते. गोणपाट उचलते आणि पदराने मुंग्या झाडते. आता ती गूळ ठेवत नाही. जाळीशी तोंड नेऊन सांगावा देते, मग सवयीने मागे वळून विचारते, "पोचला का?"

चावडीत उत्तर द्यायला कोणी नसते.